शेजारच्या राघवेंद्ररावांचा फावला वेळ

राघवेंद्ररावांचं माझ्याशी काही वाकडं नाही. माझं त्यांच्याशी आहे, आणि ते त्यांच्या अजून लक्षातही आलेलं नाही, हे सगळ्यांत त्रासदायक. ज्याच्यावर जळायचं तो माणूस निदान थोडा शिष्ट तरी असावा. हे गृहस्थ रविवारी सकाळी आपल्या दारासमोरचा रस्ता झाडतात आणि झाडता झाडता माझ्या फाटकासमोरचाही झाडून टाकतात. वर मला बघून हसतात. अशा माणसाला मनातल्या मनात शिव्या घालायलासुद्धा मोकळेपणा राहत नाही.

आम्ही जयलक्ष्मीपुरममध्ये एकमेकांना लागून राहतो, मध्ये कमरेएवढी कंपाऊंडची भिंत. मी मूळचा कराडचा. कडकोळच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून म्हैसूरला आलो तेव्हा देवश्री, माझी मुलगी, पाळण्यात होती. ती आता कॉलेजात आहे. राघवेंद्ररावांचं मराठी घराणं मात्र इथं कित्येक पिढ्यांचं. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. वडील येसाजीराव पोलिसांच्या अश्वदलातून निवृत्त झाले, आणि आता गुडघे गेले तरी व्हरांड्यातल्या खुर्चीत असे ताठ बसतात, की खुर्ची आत्ता दौडत निघेल असं वाटावं. राघवेंद्ररावांना स्वतःला घोड्याची भीती वाटते. लष्कर मोहल्ल्यात त्यांचं स्कूटर-मोटरसायकलींची सीटं शिवायचं दुकान आहे. आजोबा घोड्यावर बसले, वडील घोड्यावर बसले, मी लोकांच्या बसायची सोय करतो, असं ते नवीन माणसाला पहिल्याच भेटीत सांगतात. मला हे त्यांनी दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा मला हसू आलं, याचाही मला राग आहे.

त्यांची बायको चंदना शाळेत कन्नड शिकवते. मूलबाळ नाही. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

आता मुद्द्याचं. राघवेंद्ररावांना फोटो काढायचा नाद आहे. मलाही आहे. फरक असा, की ते फोटो काढतात.

माझ्याकडे काय नाही? चांगला कॅमेरा आहे, दुधाच्या किटलीएवढी एक लेन्स आहे, ट्रायपॉड आहे, दमट हवेपासून जपायला खास काचेचं कपाट आहे. देव्हाऱ्यापेक्षा त्या कपाटालाच हे जास्त जपतात, असं अलका, माझी बायको, पाहुण्यांसमोर म्हणते. पण फोटो काढायचा म्हणजे काही विचार लागतो की नाही? कबिनीच्या जंगलात जायचं तर आधी बुकिंग, मग रजा, मग हवामान. बांदीपूरला जायचं तर पाणवठे आटायला हवेत. मी हे सगळं जुळवतो, आणि जुळवून झालं की कारखान्यात मशीन बंद पडतं. दोनदा गेलोही. एकदा नुसता पाऊस होता. दुसऱ्यांदा हत्ती दिसला, पण त्याची पाठ.

राघवेंद्ररावांचं वेगळंच. त्यांना माझ्यापेक्षा कमी वेळ आहे, हे मी भिंतीपलीकडून वर्षानुवर्षं बघत आलोय. सकाळी वडिलांची आंघोळ, त्यांची दाढी, मग चंदनाबाईंना शाळेत सोडणं, मग दुकान, रेक्झिनचे गठ्ठे, गिऱ्हाइकांची घाई. संध्याकाळी औषधं, भाजी, दळण. आणि यातच हा माणूस रोज फोटो काढतो. त्यांच्या स्कूटरच्या डिकीत येसाजीरावांची जुनी लोकरी कानटोपी असते, आणि कानटोपीत कॅमेरा. कॅमेऱ्याचं बॅटरीचं झाकण रबरबँडने बांधलेलं. दळण टाकलं की नंबर येईपर्यंत ते गिरणीबाहेर फोटो काढतात. औषधं घ्यायला गेले की दुकानदार गोळ्या शोधेपर्यंत समोरच्या झाडाचे. चंदनाबाईंना सोडून दुकानाकडे निघाले की मुद्दाम एक गल्ली चुकवतात. मी एकदा विचारलं की तुम्हाला हा वेळ मिळतो कुठून, तर ते गोंधळून गेले. त्यांना वाटलं मी त्यांच्या दुकानाच्या वेळेबद्दल विचारतोय. मग म्हणाले, लांब जात नाही. घरी कुकर लावला असेल, तर वाफ जिरेपर्यंत परत येता आलं पाहिजे, तेवढंच जातो.

बरं, फोटो तरी कसे? मी आकसाने बोलत नाही, पण यथातथाच. गिरणीच्या पायरीवर झोपलेलं कुत्रं, त्याच्या पाठीवर बसलेलं पीठ. बसस्टॉपवर एकमेकांकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या दोन म्हाताऱ्या. कुणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेल्या नऊवारीची एकच किनार. आणि प्रत्येक फोटो कलता. जमीन एका बाजूला घसरत चाललेली. मी हे त्यांना दाखवून दिलं, चांगलं रेघ मारून. त्यांनी फोटो हातात धरून, मान वाकडी करून बघितला.

"हौदा?" ते म्हणाले, म्हणजे 'हो का?'. "मला वाटलं मीच वाकडा उभा होतो."

आणि मनापासून आभार मानले. पुढचा फोटो पुन्हा कलता होता.

हे सगळं मी सहन केलं असतं. कुणाला वेळ मिळतो, कुणाला नाही. पण मग या प्रकरणात देवश्री आली.

ती दहावीत होती. एका संध्याकाळी क्लास रद्द झाला म्हणून फुरंगटून कंपाऊंडच्या भिंतीवर बसली होती. राघवेंद्रराव दळणाचा डबा स्कूटरवर ठेवत होते. त्यांनी विचारलं, "येतेस काय, सुम्ने?"

'सुम्ने' म्हणजे उगीच, सहज, काही कारण नसताना. म्हैसूरकरांचा हा फार लाडका शब्द. माझ्या कामाच्या दिवसात या शब्दाला जागाच नाही. देवश्री उठली आणि गेली. परत आली तेव्हा केसांना पीठ होतं आणि तोंड बंद होत नव्हतं. गिरणीवाल्याच्या दोन बायका आहेत, त्या एकाच घरात राहतात आणि एकमेकींची लुगडी नेसतात, इथपासून सुरुवात. जेवायला बसली तरी तेच. मला म्हणाली, बाबा, तुम्ही त्या गिरणीत कधी गेलायत? मी कधी गेलो नव्हतो. आमच्याकडे पीठ पिशवीतून येतं.

त्या दिवसापासून ती जायला लागली. आठवड्यातून दोनदा, तीनदा, कधी पंधरा मिनिटं, कधी तास. कॅमेरा आलटूनपालटून. त्यांना ती राघूमामा म्हणायला लागली. तिचं मराठीही बिघडलं, किंवा अलका म्हणते तसं सुधारलं. 'उगीच' जाऊन 'सुम्ने' आलं, 'नको'च्या जागी 'बेड', 'बरं'च्या जागी 'आयतु'. माझ्या घरात माझी मुलगी शेजाऱ्याच्या बोलीत बोलते, आणि मी काही म्हटलं की मान वाकडी करून "हौदा?" म्हणते. ही मान वाकडी करण्याची लकब कुणाची, ते सांगायला नको.

मी एकदा अलकाजवळ बोललो, की मुलीला फोटोग्राफी शिकायचीच असेल तर घरात कॅमेरा आहे, बाप आहे. अलका पोळ्या लाटत होती. तिने लाटणं थांबवलं नाही. म्हणाली, कॅमेरा आहे खरा.

मग देवश्रीला पुण्याला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला. ती जाणार हे नक्की झालं तेव्हा मी ठरवलं, की ती जायच्या आधी एक सकाळ आम्ही दोघांनी जायचं. मी आणि ती, खांद्यावर माझा कॅमेरा. लांब नाही, इथंच कुक्करहळ्ळीच्या तळ्यावर, घरापासून चालत जाण्यासारखं. फक्त आम्ही दोघं. मला फोटो नको होते, तेवढं मला कळत होतं. मला तिने माझ्याबरोबर यायला हवं होतं. मी हे जेवताना जाहीर केलं आणि तिचा चेहरा फुलला. तो मी पाहिला. तेवढ्यापुरते राघवेंद्रराव माझ्या जगातून नाहीसे झाले.

पहिल्या रविवारी पहाटे उठून बाहेर पाहिलं तर आभाळ भरलेलं. असल्या मळकट उजेडात काय फोटो येणार? मी पुन्हा झोपलो. दुसऱ्या रविवारी लेन्सवर बुरशीचा ठिपका दिसला, ती बेंगळूरूला पाठवावी लागली. तिसऱ्या रविवारी कराडहून पाहुणे आले. दर वेळी थोड्या वेळाने पलीकडे स्कूटर सुरू व्हायची आणि आमचं फाटक वाजायचं. शेवटच्या रविवारी मी खरंच तयार होतो, बूट घातले होते, तेवढ्यात कारखान्यातून फोन आला की परदेशी गिऱ्हाइकाची माणसं एक दिवस आधीच येऊन उभी आहेत. चूक माझी नव्हती. हे मी अलकाला सांगितलं, देवश्रीला सांगितलं, कडकोळपर्यंत गाडीत स्वतःलाही सांगत गेलो. परत आलो तेव्हा ती राघवेंद्ररावांबरोबर जाऊन आली होती. तिने मला कॅमेऱ्यात एक पाणकावळा दाखवला. पंख पसरून वाळवत बसलेला, अर्थातच कलता. मी छान म्हटलं. अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

स्टेशनवर तिला सोडायला राघवेंद्रराव आणि चंदनाबाईही आले. गाडी सुटायच्या आधी देवश्री मला बिलगली आणि मला भरून आलं. राघवेंद्ररावांनी तेवढ्यात फोटो काढला. आता गंमत बघा, मी आणि माझी मोठी झालेली मुलगी यांचा धड असा तेवढा एकच फोटो आहे, आणि तो त्या माणसाने काढलेला. अलकाने तो मोठा करून दिवाणखान्यात लावला. फ्रेमवाल्याने सरळ बसवायचा प्रयत्न केला, तर आमची डोकी कापली जायला लागली. म्हणून तसाच ठेवलाय. रोज चहा पिताना तो मला दिसतो आणि रोज माझं पोट दुखतं.

दसऱ्याला ती येणार म्हणून कळलं आणि मी नवमीपासून रजा टाकली. कारखाना तसाही आयुधपूजेला बंद असतो. तिचं परतीच्या बसचं तिकीट दशमीला सकाळी उशिराचं होतं, कारण नंतर मिरवणुकीसाठी रस्ते बंद होतात. म्हणजे दशमीची पहाट आपली. मी लेन्स पुसली, बॅटऱ्या भरल्या, आणि आभाळ भरलेलं असलं तरी जायचं असं ठरवलं. फोनवर तिला सांगितलं. ती "बघू" म्हणाली. या 'बघू'ने मला रात्रभर छळलं.

नवमीला दर वर्षी आम्ही येसाजीरावांकडे प्रसादाला जातो. त्यांच्या मधल्या खोलीत पाटावर लाल कापड घालून आयुधं मांडतात. मधोमध पणजोबांची तलवार, बाजूला भाल्याचं पातं, येसाजीरावांचा जुना पट्टा आणि घोड्याचा लगाम. मग राघवेंद्ररावांच्या दुकानातल्या कात्र्या, दाभण, चंदनाबाईंचं पेन. आणि तलवारीला अगदी चिकटून तो रबरबँडवाला कॅमेरा, झेंडूची माळ घातलेला. दर वर्षी मी तो बघतो आणि दर वर्षी मला वाटतं, हे जरा अतीच आहे. त्या तलवारीने काय काय पाहिलं असेल, आणि याने पाहिलं काय, तर गिरणीवरचं कुत्रं. पण येसाजीराव, जे कुणालाच कधी चांगलं म्हणत नाहीत, त्यांनी स्वतःच्या हाताने तो तिथं ठेवलेला असतो.

या वर्षी देवश्री पूजेच्या आधीच तिकडे गेली होती. मी आत गेलो तर ती पाटासमोर बसून त्या कॅमेऱ्याला कुंकू लावत होती. जपून, बोटाच्या टोकाने, लेन्सला लागू नये म्हणून श्वास धरून. अलका आणि चंदनाबाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. मला राहवलं नाही. मी तसाच मागे फिरलो, घरी गेलो, काचेचं कपाट उघडलं आणि माझा कॅमेरा मोठ्या लेन्ससकट घेऊन आलो.

येसाजीरावांनी माझ्याकडे पाहिलं. ठेवायचाय का, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. नक्की ना, त्यांनी पुन्हा विचारलं. मला वाटलं म्हातारा जागा द्यायला कुरकुरतोय. मी म्हटलं, नक्की. त्यांनी लगाम थोडा सरकवला आणि माझा कॅमेरा तलवारीच्या दुसऱ्या बाजूला ठेवला. देवश्रीने त्यालाही कुंकू लावलं, तितकंच जपून. माझी मान ताठ झाली. किटलीएवढ्या लेन्सपुढे तो दुसरा कॅमेरा अगदीच साबणदाणीसारखा दिसत होता.

आरती झाली, कोहळा फोडला, प्रसाद झाला. कराडला आमच्या घरी पूजा झाली की संध्याकाळी आपापली वस्तू ज्याने त्याने उचलायची. गाडी तर आरती संपताच लोक फिरवून आणतात. मी हात पुढे केला.

"उदयराव," येसाजीराव खुर्चीतून म्हणाले, "हात लावू नका."

मी थांबलो.

"आत ठेवलं की ठेवलं. उद्या सांजच्याला बन्नी घेऊन घरी आल्याबगर कुणी उचलत नाही इथं. राजाचं असूंदे नाहीतर राघूचं." मग खरंच कुतूहलाने विचारलं, "तुमच्याकडं महाराष्ट्रात असं नसतंय?"

बन्नी म्हणजे शमी. इकडे दसऱ्याला तिचीच पानं वाटतात. उद्या संध्याकाळी. देवश्रीची बस सुटल्यानंतर कितीतरी वेळाने.

मी हसून सांगायचा प्रयत्न केला की मला उद्या सकाळी हवाय. येसाजीराव हसले नाहीत. हत्यार देवापुढून मधेच उचललं तर नंतर हात चालत नाही, असं त्यांचे आजोबा सांगत, म्हणाले. त्या पट्ट्यापुढे, त्या तलवारीपुढे उभं राहून त्या माणसाशी वाद घालायची माझी छाती झाली नाही. अलका पदर तोंडाला लावून भिंतीकडे बघत होती. तिचे खांदे हलत होते.

मला संताप आला तो राघवेंद्ररावांचा. यांना माहीत होतं. आधी बोलता आलं नसतं? ते माझ्यामागोमाग फाटकापर्यंत आले. चेहरा पडलेला. त्यांना खरंच वाटलं होतं की मला हे ठाऊक असणार, कारण आम्ही महाराष्ट्रातले, म्हणजे मूळचे, म्हणजे सगळं आम्हीच त्यांना शिकवलेलं. "माझापण आतच आहे की," ते समजूत घालत म्हणाले. जणू त्याने माझं काही भागणार होतं.

त्या संध्याकाळी मी हॉलमध्ये त्या कलत्या फोटोखाली बसून होतो. बाहेर भिंतीपाशी राघवेंद्ररावांचा आवाज आला. ते देवश्रीला विचारत होते, सकाळी यायचं काय, स्वल्प वेळ, जाण्याआधी. मी कान टवकारले. खरं सांगतो, त्या क्षणी मला त्या माणसाची स्कूटर पंक्चर व्हावी असं वाटलं.

"नको मामा," देवश्री म्हणाली. "उद्या मी बाबांबरोबर जाणार आहे."

"कॅमेरा?"

"कॅमेरा बेड. सुम्ने."

मी उठून दिवा लावला, उगीचच. मग पंखा लावला. अलकाने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही. राघवेंद्ररावांना नाही म्हणाली होती ती. माझ्यासाठी. त्यांच्याच शब्दात म्हणाली, पण नाही म्हणाली.

सकाळी आम्ही निघालो. फोन घरी ठेवा, ती म्हणाली, मामा नेत नाहीत. मी ठेवला. पन्नास वर्षांच्या माणसाला हातांचं काय करायचं हा प्रश्न पडू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. खिशात घातले, बाहेर काढले, शेवटी पाठीमागे बांधले. तळ्याच्या बांधावर चढलो तेव्हा उजेड फुटत होता आणि पाण्यावर पेलिकन होते. मी तिला सांगायला लागलो, की आत्ता आपली मोठी लेन्स असती तर काय काय करता आलं असतं, पक्ष्याच्या डोळ्यावर फोकस कसा धरतात. ती थोडा वेळ ऐकत राहिली.

"बाबा, ते बघा ना आधी," ती म्हणाली.

मी बघितलं. पेलिकन होते. मग आम्ही चालायला लागलो. ती मधेच थांबायची, काही न सांगता. मीही थांबायचो. काय बघतेय ते दर वेळी मला कळायचं नाही, पण विचारायचं नाही एवढं मी शिकलो.

मी विचारलं वेगळंच. राघूमामा आणि तू इतकी वर्षं काय बोलता? ती म्हणाली, मामा बोलत नाहीत, मीच बोलते. काय बोलतेस? सगळंच. मग थोडं पुढे गेल्यावर आपणहून म्हणाली, पुण्यात पहिला महिना फार वाईट गेला. खोलीतल्या मुली बोलायच्या नाहीत, माझ्या मराठीला हसायच्या. रोज रडायचे. घरी परत यायचं असं दोनदा ठरवलं होतं.

"हे मामांना माहीत आहे?"

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही लगेच काहीतरी उपाय सांगितला असता."

माझ्या तोंडात उपाय तयार होता. खोली बदलून घेता आली असती, मी वॉर्डनशी बोललो असतो. मी तो गिळला. ती रडत होती आणि ते त्या सीटं शिवणाऱ्याला माहीत होतं, मला नाही. मला तर "सगळं छान आहे" एवढंच माहीत होतं. पण मी गप्प राहिलो, आणि मी गप्प राहिलोय हे बघून ती आणखी बोलली. आता कशी एक मैत्रीण झालीय, सांगलीची. कशी तीही आता 'सुम्ने' म्हणते. बोलता बोलता तिने माझ्या पाठीमागे बांधलेल्या हातांतला एक हात सोडवून घेतला आणि दंडाला धरून चालायला लागली. अर्धं तळं आम्ही तसे चाललो. ते मी कुणालाही देणार नाही. राघवेंद्ररावांनी आपली तलवार दिली तरी नाही.

वाटेत लोक तिला हसून विचारत होते, कधी आलीस, किती दिवस. फाटकावरचा रखवालदार उठून उभा राहिला. काठी टेकत फिरणारे एक आजोबा थांबून पुण्याच्या थंडीची चौकशी करून गेले. मला अभिमान वाटत होता. माझी मुलगी, सगळं तळं ओळखतं तिला. आणि आज ती माझ्याबरोबर आहे. मी चक्क जिंकलो होतो.

बाहेरच्या फाटकापाशी एक बाई स्टीलचं पातेलं घेऊन नाचणीची आंबील विकत होती. देवश्रीला बघताच तिचं तोंड पसरलं. तिने न विचारता दोन पेले भरले, एक देवश्रीला दिला, दुसरा हातात धरून आमच्या मागे, बांधाच्या वाटेकडे मान उंच करून पाहिलं.

"अप्पा बरलिल्वा?" तिने विचारलं. वडील आले नाहीत का?

देवश्रीला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. एवढी वर्षं राघूमामा कोण ते सांगायची तिच्यावर कधी वेळच आली नसेल. कुणी विचारलंच नसेल.

"इवरे नम्म अप्पा," ती पटकन म्हणाली, माझ्या दंडावरची पकड घट्ट करत. हेच माझे वडील.

बाईने माझ्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, माझे स्वच्छ बूट धरून. मग पदराचं टोक सावरलं, हातातला भरलेला पेला बाजूला ठेवला, दुसरा पेला घेऊन तो दोनदा विसळला, पाहुण्यासाठी विसळतात तसा, आणि तो काठोकाठ भरून दोन्ही हातांनी माझ्यापुढे केला. फार आदराने तिने कन्नडमध्ये विचारलं, गावाहून आलात का?

तिथून आमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसते. देवश्रीने काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि पेला घेतला.

"हो," मी त्या बाईला तिच्याच भाषेत म्हणालो, "कालच आलोय."